डोक्याएवढा डाग

लॅम रोडवर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला
तर म्हणाला, "तेहमीबाईंचं? ते सुधारलेलं?"
जणू घर वाईट संगतीतून परत आलं होतं.

फाटकाशी बाई उभ्या, हातात टेप, कानामागे पेन्सिल.
माझं नाव विचारलं नाही, चपला बघितल्या.
"खाली खिळे नाय ना? लादी जुनी हाय.
ओला टॉवेल खुर्चीवर नाय टाकायचा.
बाकी तुमचंच घर."

तुमचंच घर!
मी तर श्वाससुद्धा जपून सोडायला लागलो.

दिव्याचं बटण काळं, जाड, पितळी नाकाचं.
दाबलं की असं टक्क वाजायचं
की उजेड पडला नाही तरी पैसे वसूल.
जिन्याचा कठडा सागाचा, सातवी पट्टी नवी.
तिला मुद्दाम जुनं केलेलं नाही.
"लाकडाने खोटं कशाला बोलायचं," बाई म्हणाल्या.

भिंती चुन्याच्या. गूळ, हिरडा, बेलफळ, उडदाचं पाणी...
नुसतं ऐकूनच मला भूक लागली.
विहितगावचा सुपडू गवंडी सात महिने चुना मळत होता
आणि बाई त्याच्या शेजारी बसून
नखाने रंग खरवडत होत्या:
पिवळा, त्याखाली निळा,
त्याखाली कुणाच्या तरी लग्नातला गुलाबी,
त्याखाली परत पिवळा, आणि तळाशी
ताकासारखा एक, ज्याला नाव नाही.
तोच लावला.

रात्री तोफांचा सराव सुरू झाला.
डोंगराकडे धप्प,
आणि इकडे शिसवी कपाटात बशा
एकमेकींना हळूच हात लावून बघायच्या.
मी उठून बसलो, भिंतीला टेकलो,
मोजत राहिलो. अकरानंतरचं आठवत नाही.

सकाळी त्या ताकावर
खोबरेल तेलाचा एक गोल.
माझ्या डोक्याएवढा. माझाच.

ओल्या रुमालाने पुसला, वाढला.
पावडर लावली, तर लांबूनही दिसायला लागला.
उशी उभी करून झाकून बघितला, उशी पडली.
शेवटी चहाच्या टेबलापाशी जाऊन
गृहपाठ न केलेल्या पोरासारखा उभा राहिलो.

बाई आल्या, चष्मा चढवला, डाग बघितला.
काही बोलल्या नाहीत.
मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या.

तिथे एक लांब बाक, आणि बाकामागच्या भिंतीत
सुपडूने सोडून दिलेली एक चौकट.
नवा चुना चारी बाजूंनी येऊन थांबलेला,
रांगोळीपाशी पाऊल थांबतं तसा.
आत चार डाग. तपकिरी, खोल मुरलेले.
एक उंच, दोन सारखे,
आणि एक अगदी खाली.

"फेफसांवाला लोक यायचा इथे, हवा खायला.
मुंबईचा डाक्तर पाठवायचा.
सकाळपासून सांजेपर्यंत बसायचे,
त्या बुचाच्या झाडाकडे बघत.
कोण घरी गेला, कोण नाय, आपल्याला काय मालूम.
सुपडू बोलला, तासून काढतो.
मी बोलले, हात लावून तर बघ."

मी खालच्या डागापाशी वाकलो.
वास कसलाच नव्हता. बुचाची फुलं पडलेली,
त्यांचाच काय तो.

"आणि माझा?"
"तुमचा काढेल ना सुपडू, शनिवारी.
तुम्ही तर दोन रात्रीचा माणूस."

दुसऱ्या रात्री डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपलो. कोरडा.
बशा वाजल्या, थांबल्या, परत वाजल्या.
एवढ्याशा डोक्यातलं तेल
भिंतीत इतकं मुरायला
किती संध्याकाळी लागत असतील,
आणि ते तेल रोज कोण घालत असेल,
याचा हिशेब काही जुळेना.

बाईंचा जुळला होता. वहीत लिहिलं होतं:
माणूस एक, रात्री दोन, चहा पाच,
चुना अर्धा किलो.

नाशिकरोडला गाडी उशिरा होती.
फलाटावरच्या बाकामागे भिंत होती,
सरकारी, हिरवी, कुणाकुणाच्या डोक्यांनी काळवंडलेली.
मी आधी ताठ बसलो.
मग टेकलो.